डोक्याचं थ्रीडी मॉडेल : आधी छिद्रं मोजा, पॉलिश नंतर

नागपुरात मेडिकल चौकाजवळ माझी दोन खोल्यांची कामाची जागा आहे. तिथं दर महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी रेसिडेंट, ट्यूटर किंवा हौशी विद्यार्थी लॅपटॉप घेऊन येतो आणि कौतुकानं कवटीचं मॉडेल दाखवतो. मॉडेल देखणं असतं. हस्तिदंती रंग, गालाच्या हाडावर छान चमक. मी ते पालथं करतो, तळ बघतो आणि विचारतो, "स्पायनोसम कुठं गेलं?" कवटीच्या तळातलं हे बारीक छिद्र तिथं नसतं. पॉलिश करताना बुजलेलं असतं. त्याच वेळी डोळ्याच्या खोबणीच्या आतल्या भिंतीला मात्र निसर्गानं कधीही न दिलेली चार-पाच भोकं पडलेली असतात.

चूक सॉफ्टवेअरची नसते, क्रमाची असते. बहुतेक जण ब्लेंडरपासून सुरुवात करतात आणि शरीररचनाशास्त्राच्या शिक्षकांकडे शेवटी जातात. खाली दिलेला क्रम बरोबर उलटा आहे. स्कॅनपासून वर्गापर्यंतचं काम त्यात आहे आणि वापरलेली सॉफ्टवेअर फुकट मिळतात: सेगमेंटेशनसाठी (स्कॅनमधून हवा तो भाग वेगळा काढण्यासाठी) थ्रीडी स्लायसर, मेश (त्रिकोणांनी बनलेला पृष्ठभाग) दुरुस्तीसाठी मेशलॅब आणि मॉडेलिंगसाठी ब्लेंडर.

## टप्पा १ : मॉडेल कोणत्या तासासाठी, ते ठरवा

"डोक्याचं पूर्ण मॉडेल करायचंय" असं म्हणणाऱ्याचं मॉडेल पूर्ण होत नाही, हा माझा अनुभव आहे. त्याऐवजी एक तास डोळ्यांसमोर आणा. मज्जातंतू कवटीतून बाहेर कुठून पडतात, हे शिकवायचं आहे का? मग कवटीचा तळ बारीक हवा आणि चेहऱ्याचे स्नायू नसले तरी चालतील. चघळण्याचे स्नायू शिकवायचे असतील तर मँडिबल (खालचा जबडा) वेगळं हलवता आलं पाहिजे आणि मेंदू लागणारच नाही.

वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात रचनेचं नाव, दुसऱ्यात ती कुठून मिळणार आणि तिसऱ्यात ती कोण तपासणार. दुसरा रकाना प्रामाणिकपणे भरा, कारण सगळं स्कॅनमध्ये दिसत नाही. हाडं आणि दात सीटीतून येतात. मेंदू, नेत्रगोल, डोळ्यांचे स्नायू, मॅसेटर आणि टेम्पोरॅलिस हे चघळण्याचे स्नायू एमआरआयमधून. ऑर्बिक्युलॅरिससारखे चेहऱ्याचे पातळ स्नायू, फेशियल नर्व्हच्या पॅरॉटिडमधल्या (कानापुढच्या लाळग्रंथीतल्या) फांद्या, फाल्क्स आणि टेंटोरियम (मेंदूच्या भागांमधले पडदे) नेहमीच्या स्कॅनमधून स्वच्छ उचलता येत नाहीत. त्या हातानंच घडवाव्या लागतात. अशा प्रत्येक नावापुढे "हातानं" असं लिहून ठेवा. शेवटी विद्यार्थ्यांना सांगायचं आहे की हा भाग रुग्णाच्या स्कॅनमधला आहे आणि हा आपण समजुतीनं बसवलेला आहे.

तपासणी : यादी वीस नावांपलीकडे गेली तर दोन मॉडेलं करा.

## टप्पा २ : स्कॅन मिळवणं

मॉडेलसाठी म्हणून कुणाचंही नवं सीटी काढू नका. डोक्याच्या एका सीटीत साधारण २ मिलिसीव्हर्ट किरणोत्सर्ग जातो आणि शिकवण्याची हौस हे त्याचं कारण होऊ शकत नाही. आधीच झालेल्या तपासणीचा डेटा घ्या, तोही संस्थेच्या एथिक्स कमिटीच्या परवानगीनं आणि संमती घेऊन.

सेंटरवरून जी सीडी मिळते, तिच्यावर बहुतेकदा ५ मिलिमीटर जाडीच्या स्लाइस असतात. निदानाला त्या पुरतात, मॉडेलला नाही. टेक्निशियनला नेमकं सांगा : "थिन स्लाइस, अ‍ॅक्सियल, बोन आणि सॉफ्ट दोन्ही कर्नल, डायकॉममध्ये." डायकॉम म्हणजे स्कॅनची मूळ फाइल. कर्नल म्हणजे प्रतिमा बनवण्याची सेटिंग, एक हाडासाठी आणि एक मऊ भागांसाठी. जाडी १ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असावी. ०.६२५ मिळाली तर उत्तमच. हे लवकर मागा. पातळ स्लाइसना जागा फार लागते, म्हणून बऱ्याच ठिकाणी त्या काही दिवसांनी सिस्टिमवरून काढून टाकतात. मग "आता जाडच उरल्यात भाऊ" हे उत्तर ऐकून परत यावं लागतं.

कानातली हाडं हवी असतील तर साधं हेड सीटी कामाचं नाही. स्टेपीज जेमतेम ३ मिलिमीटरचं असतं. त्यासाठी टेम्पोरल बोनचं (कानशिलाच्या हाडाचं) एचआरसीटी, म्हणजे बारीक कापांचं सीटीच लागतं. दातांच्या दवाखान्यातलं सीबीसीटी जबड्यासाठी छान असतं, पण त्यातल्या हाउन्सफील्ड आकड्यांवर (सीटीत घनता सांगणारे आकडे) विसंबू नका.

सावधान : डायकॉमच्या प्रत्येक फाइलच्या पोटात रुग्णाचं नाव, जन्मतारीख आणि नोंदणी क्रमांक असतो. फोल्डरचं नाव बदललं म्हणजे तो पुसला जात नाही. अ‍ॅनॉनिमाइज करण्याचं काम दवाखान्याच्या आतच झालं पाहिजे, तुमच्या लॅपटॉपवर आल्यानंतर नव्हे. दुसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. डोक्याच्या स्कॅनमधून त्वचेचा पृष्ठभाग काढला की त्या माणसाचा चेहरा उभा राहतो आणि ओळखीचा माणूस तो ओळखू शकतो. म्हणून रुग्णाच्या स्कॅनमधली त्वचा मॉडेलमध्ये घेऊ नका. त्वचा हवीच असेल तर वेगळी घडवा.

सराव करायचा असेल तर रुग्णाच्या डेटाची गरज नाही. स्लायसरच्या सॅम्पल डेटामध्ये डोक्याचा एमआरआय मिळतो. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या व्हिजिबल ह्यूमन प्रोजेक्टचा डेटाही खुला आहे. त्यातल्या पुरुषाच्या शरीराचे काप १ मिलिमीटरचे आहेत आणि स्त्रीच्या शरीराचे ०.३३ मिलिमीटरचे. पहिलं मॉडेल यांवरच करा.

## टप्पा ३ : लॅपटॉप आणि फोल्डर

१६ जीबी रॅम ही किमान गरज. हिशोब साधा आहे : ५१२ बाय ५१२ च्या ३०० स्लाइस म्हणजे सुमारे १५० एमबी. हाच डेटा बारीक करण्यासाठी तिन्ही दिशांना दुप्पट केलात तर तो आठपट होतो, म्हणजे सव्वा जीबीच्या आसपास. सेगमेंटेशन करताना स्लायसर मूळ डेटाच्या कितीतरी पट मेमरी खातो.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर गेला की लॅपटॉप स्वतःच मंदावतो. जड कामं सकाळी उरका. आणि लॅपटॉप कूलरच्या तोंडासमोर ठेवू नका. हवा गार लागते खरी, पण ओलीही असते.

स्लायसर आपणहून काही सेव्ह करत नाही. दर अर्ध्या तासानं सेव्ह करा आणि प्रत्येक वेळी नवा क्रमांक द्या. फाइलची नावं रोमन लिपीत, मधे जागा न सोडता. उजवी-डावी बाजू नावातच आली पाहिजे.

## टप्पा ४ : आत आणणं आणि दिशा पाहणं

डायकॉम आत आल्यावर हात शिवशिवतात, पण लगेच थ्रेशोल्डकडे (अमुक आकड्याच्या वरचं सगळं हाड धरण्याकडे) जाऊ नका. आधी तीन गोष्टी बघा.

पहिली, स्लाइसमधलं अंतर सगळीकडे सारखं आहे का. दुसरी, गँट्री टिल्ट. डोक्याचं सीटी काढताना कधीकधी यंत्र तिरकं केलेलं असतं. ते दुरुस्त न करता मॉडेल काढलं तर कवटी वाऱ्यानं कलल्यासारखी दिसते. स्लायसरच्या डायकॉम सेटिंगमध्ये ही भूमिती सरळ करण्याचा पर्याय आहे, तो चालू ठेवून डेटा पुन्हा आणा.

तिसरी गोष्ट उजवी-डावीची. हिच्यावर मी स्वतः तोंडघशी पडलोय. डोकं बाहेरून इतकं सारखं दिसतं की ते आरशातलं आहे हे कळतच नाही. एकदा निर्यातीच्या गडबडीत मी एका अक्षाचा स्केल उणे केला आणि तसंच मॉडेल वर्गात गेलं. तीन आठवडे कुणाला कळलं नाही. मग एका रेसिडेंटनं मूळ स्कॅन उघडला. त्यात नाकाचा पडदा डावीकडे वळलेला होता आणि माझ्या मॉडेलमध्ये उजवीकडे. त्या दिवसापासून एक नियम केला : स्कॅनमधली एक बेढब खूण शोधायची, म्हणजे वळलेला पडदा, चांदी भरलेली दाढ, एका बाजूला मोठं असलेलं फ्रंटल सायनस. ती वहीत लिहायची आणि पुढच्या प्रत्येक टप्प्यावर ती योग्य बाजूला आहे ना हे बघायचं.

याच कारणासाठी अर्धं डोकं करून ब्लेंडरमध्ये त्याचा आरसा काढण्याची युक्ती विसरा. कवटीच्या आत ट्रान्सव्हर्स सायनसची खोबण बहुतेकदा उजवीकडे मोठी असते. आरशानं हा फरक पुसला जातो आणि मुलांना शिकवण्यासारखी एक गोष्ट कमी होते.

तपासणी : स्लायसरमध्ये आडव्या कापात स्क्रीनच्या डाव्या कडेला आर (राइट, म्हणजे रुग्णाची उजवी बाजू) अक्षर दिसलं पाहिजे. रेडिओलॉजीची रीत तशीच आहे. त्यात चूक नाही, ते "दुरुस्त" करू नका.

## टप्पा ५ : हाडं

सगळ्या कामाचा अर्धा वेळ इथं जायला हवा. जात नसेल तर काहीतरी घाई होतेय.

५.१ थ्रेशोल्ड. हाउन्सफील्डमध्ये हवा उणे १०००, पाणी ० आणि चरबी उणे १०० च्या आसपास. स्पंजी हाड साधारण २०० ते ४००, टणक हाड ७०० च्या वर, दाताचं एनॅमल त्याच्याही बरंच वर. बरेच जण २२६ पासून सुरू करतात, तुम्हीही तिथूनच करा. पण हा आकडा दगडावरची रेघ नव्हे. वर-खाली करून तीन वेगवेगळ्या स्लाइसमध्ये हाडाची कड कुठं पडते ते बघा. आकडा फार खाली घेतला तर हाडं सुजतात आणि छिद्रं अरुंद होतात. फार वर नेला तर पातळ हाडं गायब होतात.

५.२ खोटी भोकं. एका व्हॉक्सेलमध्ये (स्कॅनच्या सगळ्यात छोट्या ठोकळ्यात) अर्धं हाड आणि अर्धी हवा असली की दोघांची सरासरी दिसते. एथमॉइडची लॅमिना पॅपिरेशिया, म्हणजे डोळ्याच्या खोबणीची आतली भिंत, नावाप्रमाणेच कागदासारखी असते. तिच्या एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला चरबी, त्यामुळे तिथला आकडा शंभराच्याही खाली उतरतो आणि थ्रेशोल्ड तिला हाड मानत नाही. खोबणीचा तळ आणि क्रिब्रिफॉर्म प्लेट यांचंही तसंच. यावर उपाय म्हणून सगळ्या कवटीचा थ्रेशोल्ड खाली आणू नका. फक्त त्या भागात पेंट घेऊन एक व्हॉक्सेल जाडीनं, स्लाइसमागून स्लाइस, हातानं भिंत ओढा. दीड-दोन तास जातात. चहा घेऊन बसा.

५.३ खरी भोकं. आता उलट बाजू. स्मूदिंग करण्याआधी, अगदी एकदाही करण्याआधी, वहीत ही यादी लिहा : ऑप्टिक कॅनाल, सुपीरियर ऑर्बिटल फिशर, रोटंडम, ओव्हेल, स्पायनोसम, लॅसेरम, कॅरोटिड कॅनाल, जुग्युलर, हायपोग्लॉसल, स्टायलोमॅस्टॉइड, इंटर्नल अ‍ॅकॉस्टिक मिएटस, मॅग्नम. बाहेरच्या अंगाला सुप्राऑर्बिटल, इन्फ्राऑर्बिटल आणि मेंटल. मॅग्नम मधोमध एकच असतं, बाकी प्रत्येक नाव उजवीकडे आणि डावीकडे स्लाइसमध्ये शोधा, तिथं मार्कर ठेवा, मग खूण करा.

फोरामेन ओव्हेल साधारण ७ मिलिमीटर लांब असतं. त्याच्या मागे आणि जरा बाहेर स्पायनोसम, जेमतेम २ मिलिमीटरचं. मिडल मेनिंजियल धमनी यातूनच आत शिरते. स्मूदिंगचा कर्नल (एका वेळी किती भाग गुळगुळीत होतो ते माप) ३ मिलिमीटर ठेवला तर हे छिद्र बुजणारच, त्यात नवल नाही. म्हणून माथ्याला आणि तळाला वेगळं वागवा : माथ्याला हवं तेवढं स्मूदिंग, तळाला १ मिलिमीटरच्या आत किंवा अजिबात नाही. "पण मग तळ खडबडीत दिसतो" ही तक्रार येते. दिसू दे. आमच्या ओळखीच्या एका मॅडमनी गुळगुळीत तळ बघून विचारलं होतं, "काहून रे, याला पुट्टी मारली काय?"

५.४ आतला पोकळपणा. माथ्याच्या हाडाला बाहेरचा आणि आतला असे दोन टणक थर असतात आणि मधे स्पंजी डिप्लोई. थ्रेशोल्ड दोन्ही थर पकडतो आणि मधे हजारो बारीक पोकळ्या सोडतो. बाहेरून काही दिसत नाही, पण मेशमध्ये लाखो त्रिकोण लपून बसतात आणि फोनवर मॉडेल अडखळतं. या पोकळ्या भराव्या लागतात. मात्र सरसकट "सगळी भोकं भरा" केलं की फ्रंटल आणि मॅक्सिलरी सायनसही सिमेंट ओतल्यासारखे भरून जातात. भरण्याचं काम फक्त माथ्याच्या भागापुरतं मर्यादित करा आणि झाल्यावर कोरोनल (समोरून दिसणारा उभा) काप घेऊन सायनस रिकामे आहेत ना ते बघा.

५.५ मँडिबल वेगळं काढणं. सीटी काढताना तोंड मिटलेलं असतं, म्हणून वरचे-खालचे दात एकमेकांना चिकटून येतात. तिकडे कॉन्डाइलही (मँडिबलचं सांध्यातलं टोक) खोबणीला टेकतं. कात्रीनं सरळ कापलं तर दातांचे कंगोरे तुटतात. स्लायसरमधलं ग्रो फ्रॉम सीड्स वापरा : मँडिबलवर एका रंगाचे, कवटीवर दुसऱ्या रंगाचे ठिपके टाका, त्याला वाढू द्या, मग दात आणि सांधा हातानं नीट करा. सांध्यातली चकती सीटीत दिसत नाही. तिची जागा रिकामी ठेवायची, हाड वाढवून भरायची नाही.

धातू भरलेली दाढ असेल तर तिथून चांदणीसारखे फराटे निघालेले असतात. ते पुसा. जमलं तर धातू नसलेला स्कॅनच निवडा.

सावधान : "सगळ्यात मोठा तुकडा ठेवा" हे बटण मोहक आहे. कचरा जातो, पण त्याबरोबर हायॉइड, स्टायलॉइडचा टोकाचा तुकडा आणि एखादा सुटा दातही जातो. आधी प्रत बनवा, मग दाबा आणि काय-काय गेलं ते बघा.

बावीस हाडं वेगवेगळी सुटी करण्याचा हट्टही नको. शिवणी सीटीत सगळीकडे दिसत नाहीत आणि वयानुसार बुजतातही. एकसंध कवटीवर प्रत्येक हाडाला वेगळा रंग दिला तरी शिकवण्याचं काम होतं.

## टप्पा ६ : मऊ भाग

सीटी आणि एमआरआय दोन्ही एकाच माणसाचे असतील तर आधी ते एकमेकांवर बसवा. रजिस्ट्रेशन झाल्यावर नेत्रगोल, अकॉस्टिक मिएटस आणि क्लायव्हस या तीन जागी जुळणी डोळ्यांनी तपासा. वेगवेगळ्या माणसांचे स्कॅन ताणून बसवण्याचा मोह टाळा. मेंदू कवटीत मावतो खरा, पण घड्या आणि हाडावरच्या खुणा जुळत नाहीत.

मेंदूसाठी १ मिलिमीटरचा टी-वन एमआरआय हवा. या कामाला तयार साधनं भरपूर आहेत, म्हणून इथं फार थांबत नाही.

डोळ्यांबाबत थांबावं लागतं. नेत्रगोल साधारण २४ मिलिमीटरचा. नवखे लोक ऑप्टिक नर्व्ह त्याच्या बरोबर मागच्या टोकाला चिकटवतात. ती नाकाच्या बाजूला, सुमारे ३ मिलिमीटर आत असते. दोन्ही खोबण्यांच्या आतल्या भिंती एकमेकींना समांतर असतात आणि बाहेरच्या भिंती साधारण काटकोनात. हे कोन चुकले की चारही रेक्टस स्नायू सरळ मागे जातात आणि त्यांची कामं समजावून सांगताना शिक्षक अडकतात. सुपीरियर ऑब्लिकचा स्नायू ट्रॉक्लियाला वळसा घालून परत मागे गेला पाहिजे. इन्फीरियर ऑब्लिक खोबणीच्या मागून येत नाही, पुढून तळाशी सुरू होतो.

चघळण्याच्या स्नायूंमध्ये एकच चूक पुन्हा पुन्हा बघतो : टेम्पोरॅलिस गालाच्या कमानीच्या वरून खाली आणलेला. तो कमानीच्या आतून जाऊन कोरोनॉइड प्रोसेसला लागतो. कमानीच्या बाहेरून दिसतो तो मॅसेटर. लॅटरल टेरिगॉइडला दोन डोकी आहेत, एकात गुंडाळू नका.

मज्जातंतू स्कॅनमधून ओढत बसू नका. ब्लेंडरमध्ये कर्व्ह घ्या आणि आधी ठेवलेल्या छिद्रांच्या मार्करमधून तो ओवा. ट्रायजेमिनलची दुसरी फांदी रोटंडममधून, तिसरी ओव्हेलमधून. फेशियल नर्व्ह स्टायलोमॅस्टॉइडमधून बाहेर येऊन पॅरॉटिडच्या आत शिरते आणि तिथं पाच फांद्या फुटतात. पॅरॉटिड एकसंध गोळा केला असेल तर नर्व्ह त्याच्या वरून काढावीशी वाटते. ती आतून, वरच्या आणि खोलच्या भागाच्या मधून जाते.

तपासणी : प्रत्येक नर्व्ह आपल्या छिद्रातून हाडाला न भेदता जाते का? जात नसेल तर आधी छिद्र तपासा, नर्व्ह नंतर हलवा. नव्वद टक्के वेळा छिद्रच बुजलेलं असतं. हा माझा अंदाज आहे, मोजमाप नव्हे.

## टप्पा ७ : ब्लेंडरमध्ये नेणं

स्लायसर मिलिमीटरमध्ये बोलतो, ब्लेंडर मीटरमध्ये. एसटीएल (मेशची फाइल) जसंच्या तसं आणलं की १८० मीटर लांबीची कवटी येते आणि पडद्यावर काहीच दिसत नाही, कारण तुम्ही तिच्या आत उभे असता. आणतानाच स्केल ०.००१ ठेवा. मोठ्या माणसाची कवटी पुढून मागे साधारण १८ सेंटिमीटर असते, तेवढी भरली पाहिजे. मग कंट्रोल-ए दाबून स्केल पक्का करा.

सगळे भाग एकाच समन्वय पद्धतीत आणा. काही एका पद्धतीत आणि काही दुसऱ्या पद्धतीत निर्यात केले तर मेंदू कवटीला पाठ करून बसतो. तो फिरवून ठीक होतो, पण तसं हातानं करू नका, स्लायसरमधूनच पुन्हा काढा. एखादा भाग "जरासा" सरकवला की मूळ स्कॅनशी असलेलं नातं तुटलं. हलवायचंच असेल तर वेगळ्या अ‍ॅनिमेशनमध्ये हलवा, मूळ जागा शून्यावर राहू द्या.

फेस ओरिएंटेशन चालू करा. निळं बाहेर, लाल आत. लाल ठिगळं दिसली तर नॉर्मल (पृष्ठभागाची बाहेरची दिशा) पुन्हा मोजून घ्या.

त्रिकोण कमी करणं ही इथली खरी कसोटी. कच्ची कवटी सहज वीस लाखांच्या घरात जाते. फोनसाठी दोन-अडीच लाख पुरेत. सगळ्यावर एकच डेसिमेट चालवलं तर स्टायलॉइडचं टोक आणि टेरिगॉइडचा हॅम्युलस बोथट होतात. कवटी माथा, चेहरा आणि तळ अशी तीन भागांत विभागा. माथ्यातून नव्वद टक्के त्रिकोण काढले तरी त्याला पत्ता लागत नाही. तळातून निम्म्यापेक्षा जास्त काढू नका. मेश स्मूद करायचीच असेल तर मेशलॅबमधलं टॉबिन वापरा. साधं लाप्लासियन फिरवत राहिलात तर हाड आक्रसतं.

## टप्पा ८ : रंग आणि नावं

धमन्या लाल, शिरा निळ्या, मज्जातंतू पिवळे. ही रीत मोडू नका, पुस्तकांत तेच असतं. स्नायूंना मात्र मळका, फिका लाल द्या, नाहीतर धमन्या त्यात हरवतात. वर्गात लाल-हिरवा वेगळा न ओळखणारा एखादा विद्यार्थी असू शकतो, म्हणून फक्त रंगावर भिस्त न ठेवता नावंही लावा.

नावं टर्मिनॉलॉजिया अ‍ॅनॅटॉमिकाप्रमाणे, २०१९ ची दुसरी आवृत्ती बघून. ज्या भागापुढे वहीत "हातानं" लिहिलं होतं, त्याच्या लेबलवर एक छोटी खूण ठेवा.

## टप्पा ९ : शिक्षकांकडून तपासून घेणं

फिरतं मॉडेल दाखवून "कसं वाटतंय?" असं विचारू नका. उत्तर "छान" येतं. त्याऐवजी तयार मेश पुन्हा स्लायसरमध्ये घाला आणि मूळ स्लाइसवर तिची कडा दाखवा. कडा हाडावरून घसरलेली असेल तर शिक्षकांना दोन सेकंदांत दिसते.

शेजारी खरी कवटी ठेवा. सिनियरकडून मिळालेला बोन सेट असतोच कुणाकडे तरी. छिद्रांची वहीतली यादी उघडा. शिक्षकांनी एकेक नाव घ्यायचं आणि तुम्ही माउसनं दाखवायचं, उजवं आणि डावं. जे दाखवता आलं नाही त्यापुढे फुली. फुल्या असतील तर टप्पा ५ कडे परत जायचं, ब्लेंडरमध्ये ड्रिल करून छिद्र पाडायचं नाही. मी पाडून बघितलंय. जागा चुकते.

## टप्पा १० : वर्गात आणि हातात

फोनसाठी जीएलबी (फोनवर उघडणारी थ्रीडी फाइल) काढा आणि फाइल १५-२० एमबीच्या आत ठेवा. मुलांच्या फोनवर, तेही स्वस्तातल्या, एकदा चालवून बघा. तुमच्या लॅपटॉपवर चालणं हा पुरावा नाही.

प्रिंट काढणार असाल तर एक अनुभव सांगतो. पीएलए प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात दुपारी सीताबर्डीवर गाडी उन्हात लावून मी तर्री पोहे खायला गेलो, कवटी मागच्या सीटवर. परत आलो तेव्हा दोन्ही गालांच्या कमानी लोंबत होत्या. आता पीईटीजी वापरतो. ते ८० पर्यंत टिकतं. तरी डबा सावलीतच ठेवतो.

प्रिंट काढताना तळ वरच्या बाजूला येईल अशी कवटी ठेवा, म्हणजे छिद्रांत आधाराचं प्लास्टिक कमी अडकतं. हातात आल्यावर पातळ तार घ्या आणि एकेक छिद्र आरपार तपासा. ओव्हेलमधून तार सहज जाते. स्पायनोसममध्ये बहुतेक वेळा प्लास्टिकचा एखादा तुकडा अडकलेला असतो. तो गरम सुईनं काढा. हळूच, नाहीतर भोक मोठं होतं.